आडवी रेघ

बाबा गोदीत टॅली क्लार्क होते.
म्हणजे काय, असं शाळेत बाईंनी विचारलं
की मी सांगायचे : मोजतात.
काय मोजतात?
येईल ते.

हुकाला लटकून गोणी आली की एक उभी रेघ,
चार झाल्या की पाचवी आडवी, चौघींना कवेत घेऊन.
घरातही तेच. दूधवाल्याचे खाडे,
आईचे उपास, माझ्या तापाचे दिवस,
सगळं गेरूच्या खडूनं दारामागे,
पाचापाचाच्या मोळ्या बांधून.

बोट कसली, ते आई
सदरा भिजत घालूनच ओळखायची.
पाणी पिवळं म्हणजे गंधक.
काळं झालं तर न बोलता दुसरं पाणी घ्यायची.
खिशातून लवंगा निघत, कधी खजुराच्या बिया.
खजूर सांडलेलाच होता, असं बाबा शपथेवर सांगत.
त्यातली एक बी माझगावात, आमच्या चाळीमागे रुजली.
झाड दुसऱ्या मजल्याच्या वर गेलं,
फळ एकदाही नाही.
हमजा तांडेल, विंचवाला, म्हणायचा,
एकट्यानं कसं धरेल, धाकूशेठ?
समोर दुसरं लागतं.

एकतीस डिसेंबरला, रात्री बाराच्या ठोक्याला,
बंदरातल्या झाडून सगळ्या बोटी भोंगे द्यायच्या.
बाबा गच्चीवर, थंडी असली तरी कान उघडे,
कठड्यावर रेघा ओढत.
कुणाचा आवाज म्हशीचा, कुणाचा शंखाचा,
एखादी सर्दी झालेल्या मामंजींसारखी.
मी जन्मले त्या साली नऊ मोळ्या आणि वर दोन.
कठड्यावर आहे अजून, जावयाला दाखवलंय.

मग डबे आले.
लोखंडी, बंद, सील ठोकलेले.
आत काय आहे, बाबांनी पहिल्याच दिवशी विचारलं.
साहेब म्हणाले, कागदावर आहे.
कागद मीही लिहितो, साहेब,
पण बघून.

त्यानंतर मोठ्या बोटी समोरच्या किनाऱ्याला वळल्या.
इथे एका गोदीत भराव पडला.
जिथे हमजाची विंच कुरकुरायची
तिथे कोऱ्या मोटारी उन्हात तापत उभ्या,
परदेशी जायच्या, प्लास्टिकसुद्धा न काढलेल्या.
बॅलार्ड पिअरला सहलीची बोट लागते,
माणसं उतरतात, चाकांच्या बॅगा स्वतःच ओढत.
हमजा हर्णैला गेला तो गेलाच.
गोदीच्या फाटकावरचा चहावाला मात्र टिकला,
आता तो पार्किंगच्या पावत्याही फाडतो.

माझा भाचा शार्दूल न्हावा शेवाला आहे.
काचेच्या खोलीत, पडद्यापुढे.
पाळीला शेकडो डबे त्याच्या नजरेखालून जातात
आणि सदरा पांढरा तो पांढरा.
त्याच्या आईला पाण्यात काही दिसत नाही.

बाबांच्या शेवटच्या डिसेंबरात
आम्ही त्यांना खुर्चीसकट गच्चीवर नेलं.
एक.
दोन, लगेच.
मग समोरच्या टॉवरवर फटाके, गाणी, कुणाचा तरी काउंटडाउन पुन्हा पहिल्यापासून.
तीन.
बऱ्याच वेळानं, पार लांबून, चार.
खडू हवेत धरून बाबा थांबले.
बारा वाजून सात मिनिटं.
बारा वाजून अकरा.

तेवढ्यात शार्दूलचा फोन.
मावशी, आजोबांना ऐकव, इथे वाजतोय बघ.
मी फोन त्यांच्या कानाला लावला.
मलाही ऐकू आला, खरखरत, खाडीपलीकडून.
कुठली बोट रे?
नाव नाही दिसत, आजोबा. नंबर आहे.

बाबा थोडा वेळ तसेच.
चांगली असेल, म्हणाले,
आणि खडू खिशात टाकला.

कठड्यावर त्या साली चारच रेघा.

सकाळी मी त्यांचा सदरा भिजत घातला,
खिसा न तपासता.
पाणी लाल झालं, विटकरी लाल.
आई असती तर तिनं ओळखलं असतं,
कसली बोट.